मालेगावचे स्टेशन आणि बलगमी मिजाज

इंग्रजीत 'फ्लेग्मॅटिक' असे एक विशेषण आहे. ते उच्चारायलाच इतके जड की, जो माणूस ते घाईघाईने उच्चारू शकतो तो स्वतः फ्लेग्मॅटिक नसावा, एवढे तरी खात्रीने म्हणता येते. आमच्या घरातल्या इंग्रजी-मराठी कोशाने या शब्दापुढे जो संसार मांडला आहे तो असा : कफप्रकृतीचा, मंद, सुस्त, थंड, निर्विकार, शांत. आता तुम्हीच पाहा. मुलीला स्थळ आले आणि मुलगा 'शांत' आहे असे मध्यस्थाने सांगितले, तर आपण पोहे भिजत घालतो. 'मंद' आहे म्हटले तर पोहे डब्यातच राहतात. आणि 'कफप्रकृतीचा' आहे म्हटले तर आपण आधी छातीचा एक्सरे मागवतो. एकाच शब्दाच्या पोटात तीन वेगवेगळे जावई बसलेले आहेत आणि कोशकार त्यांच्यामध्ये एकेक स्वल्पविराम ठेवून मोकळा झाला आहे!

माझी तक्रार या स्वल्पविरामांबद्दल आहे. कोशातले अर्थ एका ओळीत शेजारीशेजारी बसतात, पण व्यवहारात ते कधीच एका पंक्तीला बसत नाहीत. कुणाला 'शांत' वाढायचे आणि कुणाला 'मठ्ठ', हे वाढणारा ठरवतो. आणि वाढणारा बहुतेक वेळा पाहुण्याच्या अंगावरचा कोट पाहून ठरवतो.

या शब्दाचा आणि माझा परिचय पुस्तकातला. ओळख मात्र वाढली ती मालेगावात. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे काही वर्षे काढली. मालेगाव म्हणजे एका बाजूला कॅम्प, दुसऱ्या बाजूला जुने गाव आणि मधून मोसम नदी. कॅम्पातला माणूस जुन्या गावात गेला की पहिली गोष्ट ही शिकतो की इथे हळू बोलून उपयोग नाही. यंत्रमागांची खटखट चालू असताना 'कसं काय?' हा प्रश्नसुद्धा भांडणाच्या सुरात विचारावा लागतो. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी गाव एकदम कुजबुजल्यासारखे वाटते. माग चालले की हवेत कापसाचे बारीक तंतू उडतात, आणि ते कॅम्पातल्या शिक्षकाच्या घशात शिरले की त्याला महिनाभर खोकला धरतो. मला धरला. गोळ्या झाल्या, बाटल्या झाल्या. शेवटी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला हात धरून हकीमसाहेबांकडे नेले.

हकीमसाहेबांनी माझी नाडी इतका वेळ धरून ठेवली की, ती परत मिळेल की नाही अशी मला शंका आली. मग ते शेजारच्या मागाच्या वरताण आवाजात म्हणाले, "मास्टरसाहब, आपका मिजाज बलगमी है."

मला आधी राग आला. मराठी माणसाला 'मिजास' म्हणजे काय हे पक्के ठाऊक असते. ती दुसऱ्याची असते आणि ती उतरवायची असते. आपल्याला मिजास आहे, ती कफाची आहे आणि ती नाडीत सापडते, हे मला नवीन होते. हकीमसाहेबांनी समजावून सांगितले. शरीरात चार रस : खून, बलगम, सफरा आणि सौदा. म्हणजे रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. खून गरम आणि ओला, सफरा गरम आणि कोरडा, सौदा थंड आणि कोरडा, बलगम थंड आणि ओला. या चारांचे ज्याच्या-त्याच्या अंगात जे मिश्रण होते, त्याचे नाव मिजाज. (मालेगावात सकाळपासून सुताचे आणि कापडाचे सौदे चाललेले असतात. तो सौदा वेगळा. तरी काही सौद्यांनंतर व्यापाऱ्यांचे चेहरे पाहिले की काळ्या पित्ताचीही शंका येते.)

"बलगमी आदमी को गुस्सा देर से आता है," हकीमसाहेब म्हणाले.

मी सुखावलो. "और जब आता है तब?"

"तब वो दवाखाने नहीं आता. थाने जाता है."

जोशांद्याच्या पुड्या घेऊन मी घरी आलो. बायकोला निदान सांगितले. ती म्हणाली, "अहो, म्हणजे मठ्ठच ना?" कोशातला दुसऱ्या नंबरचा अर्थ तिने कोश न उघडता सांगितला.

त्या रात्री मी कोश उघडून बसलो, तो मजाच दिसली. यूनानी म्हणजे ग्रीक. आयोनिया या ग्रीक मुलखाच्या नावावरून पूर्वेकडच्या लोकांनी 'यूनान' केले, आपण त्याच नावावरून 'यवन' केले. ग्रीक वैद्यांचा हा चार रसांचा हिशेब रोमच्या काळात गेलन या वैद्याने पक्का मांडला, नवव्या शतकात बगदादेत हुनैन इब्न इसहाक याने गेलनचे ग्रंथ अरबीत नेले, पुढे इब्न सीनाने त्यावर आपला मोठा ग्रंथ रचला, आणि ती विद्या फिरत फिरत मोसमकाठी आली. मालेगावच्या मन्सुऱ्यात तर आज युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. तोच हिशेब दुसऱ्या वाटेने लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. रक्त जास्त तो सँग्विन, म्हणजे आशावादी. पिवळे पित्त जास्त तो कॉलेरिक, म्हणजे तापट. काळे पित्त जास्त तो मेलँकोलिक, म्हणजे कवी. आणि कफ जास्त तो फ्लेग्मॅटिक. ग्रीक 'फ्लेग्मा'चे अरबांनी 'बलगम' केले, इंग्रजांनी 'फ्लेम' केले. म्हणजे हकीमसाहेबांचा 'बलगमी' आणि माझ्या पाठ्यपुस्तकातला 'फ्लेग्मॅटिक' हे सख्खे चुलतभाऊ. एक बगदादवरून आला, एक लंडनवरून, आणि दोघांची गाठ पडली ती मालेगावात, माझ्या घशात!

अंगातल्या रसाला लॅटिनमध्ये ज्या शब्दाने ओळखत, त्याचाच इंग्रजीत 'ह्यूमर' झाला. आधी ओलावा, मग स्वभाव, मग लहर आणि शेवटी विनोद. मालेगावने तोही रस सोडलेला नाही. २००० साली 'मालेगाव के शोले' निघाला, आणि इथल्या सिनेमावेड्या पोरांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली आला. पण ती गोष्ट निराळी, आपण मिजाजाकडे वळू.

अरबीत मिजाज म्हणजे मिश्रण. लॅटिनमध्येही 'टेंपरामेंट'चे मूळ योग्य प्रमाणात मिसळणे हेच. दोन्हीकडे शब्द अगदी सोवळा, समतोल. आणि दोन्हीकडे त्याचे पुढे काय झाले पाहा. इंग्रजीत 'टेंपर' म्हणजे राग झाला, मराठीत 'मिजाज'ची मिजास झाली. चार रस नीट मिसळलेले असतील तोवर कुणी नाव काढत नाही. एखादा रस उतू गेला की तेवढ्याचीच चर्चा. चांगले जमलेले वरण कुणी उल्लेखत नाही, खारट झालेले मात्र चार दिवस जेवणात येते, तसेच हे.

इथे आपल्या कोशकारांशी माझे भांडण आहे. फ्लेग्मॅटिक या शब्दाला त्यांनी आयुर्वेदातला 'कफप्रकृती' हा शब्द दिला आणि लगेच त्याच्या शेजारी 'मंद, सुस्त' बसवले. पण आयुर्वेदाचे म्हणणे तसे नाही. वाग्भटाने एकेका दोषाच्या प्रकृतींची प्रतवारी लावली आहे. तिच्यात वातप्रकृती हीन, पित्तप्रकृती मध्यम आणि कफप्रकृती उत्तम! सगळ्या दोषांची समतोल प्रकृती तेवढी तिच्या वर. कफाचा माणूस स्थिर, क्षमाशील, बळकट, धीराचा. म्हणजे आपल्याकडे जो वर्गात पहिल्या बाकावर होता, त्याला इंग्रजीच्या नादाने आपण शेवटच्या बाकावर नेऊन बसवले. आणि 'हा कोण?' असे विचारले की 'मठ्ठ आहे' म्हणून सांगतो. भाषांतरात अर्थ हरवतो हे ऐकले होते, पण इथे आपण घरचाच अर्थ बाहेर काढून त्याच्या जागी पोटभाडेकरू ठेवला आहे.

गंमत अशी की, इंग्रजाच्या अंगावर हा शब्द कधीच असा लोंबत नाही. तिथे तो शिवून घेतलेल्या कोटासारखा बसतो. त्याचे सर्वांत नामांकित गिऱ्हाईक म्हणजे फिलियस फॉग. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' १८७२ साली पॅरिसच्या वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि १८७३ साली पुस्तक झाले. फॉगसाहेबांना व्हर्नने सुरुवातीलाच हे विशेषण बहाल केले आहे. घड्याळाच्या काट्यावर उठणारा, काट्यावर जेवणारा, दाढीचे पाणी दोन अंश गार आले म्हणून नोकराला काढून टाकणारा हा गृहस्थ. त्याच्या जागी आपले रावसाहेब असते, तर शेजाऱ्यांनी त्यांना विक्षिप्त म्हटले असते. फॉग मात्र फ्लेग्मॅटिक. ऐंशी दिवसांत जगाला वळसा घालायची पैज लावून तो मुंबईला उतरतो आणि रात्रीच्या गाडीत बसतो. बाहेर घाट जातो, नाशिक जाते, दुसऱ्या दिवशी खानदेश लागतो. साहेब निर्विकार.

आणि मग, वाचकहो, त्या कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात फॉगची गाडी मालेगाव स्टेशन ओलांडते.

मी ते वाक्य दोनदा वाचले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. स्पेलिंग फ्रेंच वळणाचे आहे, पण नाशिकनंतर आणि बुऱ्हाणपूरच्या आधी खानदेशाच्या वाटेवर दुसरे कुठले मालेगाव असणार? मालेगावात राहिलेल्या माणसाला हे वाक्य वाचून काय होते ते बाहेरच्याला कळायचे नाही. कारण मालेगावला स्टेशन नाही! तेव्हा नव्हते, आजही नाही. मुंबईची गाडी पकडायची तर एस.टी.त बसून ३५-४० किलोमीटरवरच्या मनमाडला जायचे, ही मालेगावकराची जन्माची रीत. व्हर्न हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. त्याने बहुधा नकाशावर बोट ठेवले, बोटाखाली मालेगाव आले, आणि लेखणीच्या एका फटकाऱ्याने त्याने आमच्या गावाला स्टेशन देऊन टाकले. किती खासदार आले आणि गेले, पण एवढ्या झटपट हे काम कुणाला जमलेले नाही. त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

आभार मानून झाल्यावर मात्र पुढचे वाक्य वाचावे लागते. या स्टेशनच्या पलीकडचा मुलूख कसा? तर कालीमातेच्या भक्त ठगांनी रक्ताने माखलेला. मग ठगांची गळे दाबायची पद्धत, त्यांच्या म्होरक्याचे नाव, सगळे यथासांग. आता १८७२ साली मालेगावात काय चालले होते? १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून निघालेली विणकर कुटुंबे इथे येऊन टेकली होती आणि हातमागांवर लुगडी विणत होती. गळ्याशी त्यांचा संबंध एवढाच की, पोटासाठी मान खाली घालून ती दिवसभर मागावर बसत. पण कादंबरीत डब्यात बसलेला तो फ्लेग्मॅटिक, आणि खिडकीबाहेरचा मुलूख रक्तरंजित. विशेषण वाटायची ही रीत मला पटत नाही. व्हर्न मला आवडतो, त्याची कादंबरी मी आजही एका बैठकीत वाचतो. पण त्या दोन वाक्यांपुरता तो प्रवासवर्णनकार नाही, मध्यस्थ आहे. एका स्थळाला 'शांत' सांगितले, दुसऱ्याला न बघताच बाद केले.

त्याला तरी कशाला बोलायचे? आपल्या वर्तमानपत्रांनी काय केले आहे? मालेगाव हा शब्द बातमीत एकटा येऊच शकत नाही. त्याच्यापुढे 'संवेदनशील' हा शब्द सायकलीपुढच्या दिव्यासारखा बसवलेलाच असतो. संवेदनशील म्हणजे खरे तर ज्याला दुसऱ्याचे दुःख कळते तो. कवीला आपण संवेदनशील म्हणतो तेव्हा त्याला शाल देतो, गावाला म्हणतो तेव्हा राखीव पोलीस दल पाठवतो. दंगली मालेगावने पाहिलेल्या नाहीत असे नाही. २००१ सालची दंगल गावातला माणूस विसरलेला नाही, आणि ती विसरा असे मीही म्हणणार नाही. पण ८ सप्टेंबर २००६ हा दिवस घ्या. शुक्रवार, त्यात शब-ए-बरात. बडा कब्रस्तानाजवळ नमाजानंतरच्या गर्दीत बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसे गेली. संचारबंदी लागली, लोकांचा संताप उसळला, पोलिसांवर तो निघालाही. पण हिंदू-मुसलमान दंगल, जी व्हावी म्हणूनच असले बॉम्ब ठेवतात, ती झाली नाही. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसे मेली. त्याही वेळी गावाने आपापसात हात उगारला नाही. ज्यांच्या घरातली पोरे गेली होती, त्यांनी ते कसे सोसले असेल याचा विचार केला की आपल्या खोकल्याची लाज वाटते.

लंडनमध्ये असे झाले असते तर त्याला ब्रिटिश धीरोदात्तपणा म्हणाले असते आणि त्यावर पुस्तके निघाली असती. मालेगावच्या वाट्याला दुसऱ्या दिवशीचा मथळा आला : 'संवेदनशील शहरात तणावपूर्ण शांतता.' शांतता आली तरी तिच्या कमरेला तणाव बांधूनच आली! ज्या गावाने डोके थंड ठेवले, त्याला 'थंड डोक्याचे' एवढे साधे विशेषण द्यायला आपल्याला शब्द सापडला नाही. तो तर कोशात पडून होता. चौथ्या स्वल्पविरामाच्या अलीकडे.

आता या शब्दाच्या पोटातली सर्वांत आतली पुडी सोडतो. 'फ्लेम' म्हणजे कफ हा इंग्रजी शब्द आणि 'फ्लेम' म्हणजे ज्योत हा इंग्रजी शब्द, यांची स्पेलिंगे अगदी वेगळी. उच्चारातही ऱ्हस्वदीर्घाचा फरक आहे, पण देवनागरीत लिहिले की दोन्ही जुळी भावंडे दिसतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकदा भाषांतराच्या पेपरात 'म्हाताऱ्याच्या छातीत ज्योत दाटली होती' असे लिहिले होते. बाकीचे शिक्षक दिवसभर हसले. मी त्याला अर्धा गुण दिला. कारण ग्रीक 'फ्लेग्मा'चा मूळ अर्थ कफ नाहीच. तो 'जळणे' या धातूपासून आला आहे आणि होमरने तो ज्वाळा याच अर्थाने वापरला आहे. मग त्याचा अर्थ अंगातला दाह झाला, मग दाहामुळे येणारा स्राव, आणि पुढे वैद्यांनी तोच स्राव चारही रसांत सर्वांत थंड ठरवला. हिवाळ्यात बागेत 'फ्लॉक्स'ची फुले लावतात ना, ते नावही त्याच आगीतले. संस्कृतातला 'भ्राज्' म्हणजे झळकणे हा धातू आणि गायत्री मंत्रातला 'भर्ग' हा शब्द त्याच कुळातले मानतात. जगातल्या सर्वांत थंड विशेषणाचा जन्म असा आगीत झालेला आहे.

व्हर्नला हे ठाऊक असावे असा मला दाट संशय आहे. कारण त्याचा हा निर्विकार फॉग बुंदेलखंडात पोचतो, एका तरुण विधवेला सती म्हणून चितेवर चढवणार असल्याचे त्याला कळते, आणि आपल्या हिशेबात बारा तास शिल्लक आहेत एवढे पाहून तो तिला सोडवायला थांबतो. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही, पण निर्णय झालेला असतो. पुढे अटलांटिकवर जहाजातला कोळसा संपतो. साहेब शांतपणे ते जहाजच विकत घेतात, डोलकाठ्या, खोल्या, कठडे, डेक, जेवढे लाकूड आहे तेवढे तोडायला लावतात आणि बॉयलरमध्ये घालतात. समुद्राच्या मधोमध, पायाखालचे जहाज जाळत, हा माणूस घड्याळ बघत उभा! हकीमसाहेबांनी त्याची नाडी पाहिली असती तर 'बलगमी' म्हणाले असते, आणि वर 'इनको गुस्सा मत दिलाना' अशी नोकराला ताकीद दिली असती.

तेव्हा कोशकारांना माझी विनंती आहे की, पुढच्या आवृत्तीत 'मंद' आणि 'सुस्त' या दोन भाडेकरूंना जागा खाली करायला सांगावे. नाहीतर निदान त्यांच्यापुढे 'अरसिक वापर' अशी पाटी लावावी. 'थंड डोक्याचा' पहिला घ्यावा. कफ हवा तर शेवटी कंसात ठेवावा. जोशांद्याने तो तसाही कमी होतो. माझा झाला.

राहता राहिले स्टेशन. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि हा मार्ग मालेगाववरून जायचा आहे. ती बातमी आली तेव्हा मी मालेगावच्या एका जुन्या स्नेह्याला फोन केला. मागे मागांची खटखट चालू होती. मी ओरडून म्हणालो, "अभिनंदन! स्टेशन होतंय म्हणे!"

"हो, ऐकलं," तो ओरडून म्हणाला. "तुम्ही कधी येताय? मनमाडला उतरा, मी एस.टी. स्टँडवर येतो."